मुंबई शहर उत्तर: दोन खासदार निवडून देणाऱ्या जुन्या मतदारसंघाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या आसपास, आणि लोकसभेची निवडणूक लागली की हमखास, या मतदारसंघाबद्दल तेच ते प्रश्न येतात. बहुतेकांचा रोख एकच असतो: बाबासाहेब १९५२ साली मुंबईत हरले कसे? पण त्या प्रश्नाचं उत्तर मतदारसंघ कसा होता हे कळल्याशिवाय मिळत नाही. म्हणून सुरुवात तिथून केली आहे. मतांचे आकडे मुद्दाम हजारांत दिले आहेत, कारण छापील पुस्तकांमध्ये ते शे-दोनशेंनी इकडेतिकडे होतात. निकालाच्या अर्थात त्याने फरक पडत नाही.

१. मुंबई शहर उत्तर हा मतदारसंघ नेमका कधी होता?

पहिल्या लोकसभेसाठी, म्हणजे १९५१-५२ च्या निवडणुकीसाठी तो तयार झाला. तेव्हा मुंबईतून चार खासदार जात. मुंबई शहर दक्षिणमधून एक, उपनगरांतून एक आणि मुंबई शहर उत्तरमधून दोन. दक्षिणेत स. का. पाटील निवडून आले, उपनगरांत जयश्री रायजी. उत्तरेतल्या दोनपैकी एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती.

या रूपात तो एकाच निवडणुकीपुरता टिकला. १९५७ साली सीमा बदलल्या. नाव पुढे १९६७ पर्यंत चाललं, पण ते दुसऱ्याच भागाला लागलं (प्रश्न ११ पाहा).

२. म्हणजे आजचा मुंबई उत्तर मतदारसंघच ना? बोरिवली-कांदिवलीचा?

नाही. सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. १९५२ साली ‘मुंबई शहर’ म्हणजे बेटावरची मुंबई, आणि तिचा उत्तर भाग म्हणजे गिरण्यांचा कामगारी पट्टा, परळ, दादर. बोरिवली, दहिसर, मुलुंड तर तेव्हा महापालिकेच्या हद्दीतही नव्हते. ते १९५७ साली बृहन्मुंबईत आले.

आज तोच जुना पट्टा मुंबई दक्षिण आणि मुंबई दक्षिण-मध्य या दोन मतदारसंघांत वाटला गेला आहे. वरळी आणि शिवडी हे विधानसभा मतदारसंघ दक्षिणेत मोडतात, तर माहीम, वडाळा, धारावी दक्षिण-मध्यमध्ये. शहर वर सरकत गेलं आणि एके काळची उत्तर दक्षिणेत जमा झाली. त्यामुळे ‘बाबासाहेब मुंबई उत्तरमधून लढले’ हे वाक्य शब्दशः खरं असूनही आजच्या वाचकाला चुकीच्या गावी नेतं. बाबासाहेबांचं राजगृह दादरच्या हिंदू कॉलनीत, आणि त्याआधी ते परळच्या बीआयटी चाळीत राहत. ते आपल्या घरच्या भागातूनच उभे होते.

३. एका मतदारसंघातून दोन खासदार ही काय पद्धत होती?

याला द्विसदस्य मतदारसंघ म्हणत. अनुसूचित जाती किंवा जमातींची वस्ती जिथे मोठी, तिथे मतदारसंघ दुप्पट आकाराचा करायचा आणि दोन जागांपैकी एक राखीव ठेवायची, अशी ही रचना. पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागा होत्या, पण मतदारसंघ ४०१ च होते. त्यांतले ८६ द्विसदस्य, आणि उत्तर बंगालचा एक तर त्रिसदस्य. मुंबई शहर उत्तर त्या ८६ पैकी एक.

४. राखीव जागेसाठी फक्त दलित मतदार मत देत असत का?

नाही. तसं असतं तर ते विभक्त मतदारसंघ झाले असते, आणि ती वाट १९३२ च्या पुणे कराराने बंद झाली होती. मुंबई शहर उत्तरमधल्या प्रत्येक मतदाराला, जात कोणतीही असो, दोन मतं होती. दोन्ही मतं कोणत्याही दोन उमेदवारांना देता येत. दोन्ही सर्वसाधारण उमेदवारांना, दोन्ही अनुसूचित जातीच्या उमेदवारांना, किंवा एकेक.

याचा राजकीय अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. राखीव जागेवर कोण बसणार हे मुख्यतः सवर्ण मतदारांच्या दुसऱ्या मतावर ठरत असे, कारण संख्या त्यांची होती. १९५२ चा सगळा निकाल या एका वाक्यात आहे.

५. मत प्रत्यक्षात कसं देत?

शिक्का मारायची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी असे आणि तिच्यावर त्याची निशाणी चिकटवलेली असे. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचं झाड, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या बाबासाहेबांच्या पक्षाचा हत्ती, कम्युनिस्टांचं विळा-कणीस. मतदाराने आडोशाला जायचं आणि कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. मुंबई शहर उत्तरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन मतपत्रिका असत. मतदानाचं वय २१ होतं, आणि बहुतेकांनी त्याआधी आयुष्यात कधी मत दिलेलं नव्हतं. दोन कागद दोन वेगळ्या पेट्यांत टाकायचे, ही गोष्ट समजावून सांगणं हेच प्रचाराचं निम्मं काम होतं.

दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर? कायद्याप्रमाणे एका उमेदवाराला एका मतदाराचं एकच मत धरलं जाई, दुसरं बाद होई. हा नियम लक्षात ठेवा. प्रश्न ९ मध्ये तो पुन्हा येणार आहे.

६. १९५२ साली कोण कोण उभे होते आणि निकाल काय लागला?

उमेदवारांची यादी पाहिली तर आजही दबकायला होतं. काँग्रेसची जोडी होती विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर. समाजवादी पक्षाने अशोक मेहतांना उभं केलं होतं आणि त्यांची युती होती शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनशी, म्हणजे डॉ. आंबेडकरांशी. कम्युनिस्टांकडून श्रीपाद अमृत डांगे. हिंदू महासभेचे आणि इतरही उमेदवार रिंगणात होते.

मतं अशी पडली: विठ्ठल गांधी १ लाख ४९ हजार, अशोक मेहता जवळपास १ लाख ४० हजार, काजरोळकर १ लाख ३८ हजार, आंबेडकर १ लाख २३ हजार ५०० च्या वर, डांगे सुमारे ९७ हजार. विठ्ठल गांधी आणि काजरोळकर निवडून आले.

७. अशोक मेहतांना काजरोळकरांपेक्षा जास्त मतं होती. मग ते कसे हरले?

दोन जागा म्हणजे पहिले दोन उमेदवार विजयी, असा हिशेब नव्हता. मोजणी झाल्यावर आधी राखीव जागा भरायची: अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वांत जास्त मतं, तो विजयी. मग उरलेल्या सगळ्यांत जो वरचा, त्याला दुसरी जागा. राखीव जागेवर काजरोळकर आले. उरलेल्यांत विठ्ठल गांधी पहिले होते. मेहता एकूण मतांत दुसरे असूनही बाहेर राहिले.

काहीजण याला मेहतांवरचा अन्याय म्हणतात. मला तसं वाटत नाही. राखीव जागेची हमी द्यायची तर क्रम हाच असायला हवा. हमीच नसती तर कुठल्याही मतदारसंघातून दोन्ही जागा सवर्ण उमेदवारांनी नेल्या असत्या.

८. बाबासाहेब नेमके का हरले?

‘काँग्रेसने पाडलं’ आणि ‘डांग्यांनी पाडलं’ ही दोन उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत.

आधी वातावरण. ती काँग्रेसची निवडणूक होती. ४८९ पैकी ३६४ जागा तिने जिंकल्या. मुंबईत संघटना स. का. पाटलांच्या हातात होती आणि ते निवडणुकीच्या यंत्रणेत मुरलेले होते. बाबासाहेब सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले. प्रकृती साथ देत नव्हती, प्रचाराला वेळ थोडा. फेडरेशनचा पाया भक्कम होता, पण एकाच समाजात; तेवढ्यावर लाखोंचा मतदारसंघ जिंकता येत नव्हता. म्हणून समाजवाद्यांशी युती.

आणि खरी गोष्ट युतीच्या गणितात दडली आहे. बाबासाहेब काजरोळकरांच्या मागे पडले ते साडेचौदा हजारांच्या आसपास. अशोक मेहता मात्र काजरोळकरांच्या थोडे पुढेच होते, दोन हजारांहून कमी फरकाने. म्हणजे युतीच्या एका उमेदवाराला जेवढी मतं पडली तेवढीच दुसऱ्याला पडली असती, तर बाबासाहेब लोकसभेत गेले असते. मेहतांना मत देणाऱ्या किमान सोळा हजार लोकांनी दुसरं मत हत्तीच्या पेटीत टाकलं नाही. किमान म्हणतो, कारण फेडरेशनची सगळी मतं झाडाच्या पेटीत गेली असं गृहीत धरून हा आकडा निघतो. तशी गेली नसतील, तर मेहतांच्या मतदारांतली गळती याहून मोठी.

काँग्रेसच्या जोडीतही गळती होतीच, विठ्ठल गांधी आणि काजरोळकर यांच्यात सुमारे अकरा हजारांचं अंतर पडलं. पण काँग्रेसला ती परवडली.

असं सगळीकडे झालं का? नाही, आणि म्हणून सोलापूरचा दाखला मला मोलाचा वाटतो. तोही द्विसदस्य मतदारसंघ. तिथे शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि फेडरेशनचे पां. ना. राजभोज हे दोघेही निवडून आले. फेडरेशनला साऱ्या देशात लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, सोलापूर ही त्यांतली एक. सोलापुरात दुसरं मत पोचलं, मुंबईत पोचलं नाही.

९. ‘मतं कुजवली’ म्हणतात ते काय? आणि त्यावर खटला झाला होता ना?

कुजवणे हा त्या काळच्या निवडणुकीतला रोजचा शब्द आहे. दुसरं मत विरोधी उमेदवाराला जाऊ नये म्हणून ते वाया घालवायचं, म्हणजे दोन्ही मतपत्रिका आपल्याच उमेदवाराच्या पेटीत टाकायच्या. प्रश्न ५ मधल्या नियमाप्रमाणे त्यातली एक बाद होणार हे ठाऊक असूनही. आपल्या माणसाचं नुकसान काहीच नाही, पण दुसऱ्या जागेवरच्या उमेदवाराला एक मत कमी.

निकालानंतर डॉ. आंबेडकर आणि अशोक मेहता यांनी मिळून निकालाविरुद्ध निवडणूक याचिका दाखल केली. एकूण ७४,३३३ मतं बाद ठरली, आणि मतदारांना मत कुजवायला सांगणारा बेकायदा प्रचार झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. रोख डांग्यांच्या प्रचारावर होता. निवडणूक रद्द करावी ही मागणी मान्य झाली नाही. निकाल कायम राहिला.

हा आकडा पराभवाच्या फरकाच्या पाचपट आहे, म्हणून लोक थेट निष्कर्ष काढतात की ही मतं बाद झाली नसती तर बाबासाहेब जिंकले असते. जरा थांबायला हवं. बाद झालेलं प्रत्येक मत हत्तीच्या वाट्याचं नव्हतं. कुजवणारे अनेक पक्षांचे असू शकत होते, आणि नवख्या मतदाराने चुकून दोन्ही कागद एका पेटीत टाकले तरी मत बादच होई. पण एवढं नक्की म्हणता येतं की ज्या मतदारसंघात दुसरं मतच निर्णायक होतं, तिथे हजारो दुसरी मतं मोजलीच गेली नाहीत. बाबासाहेबांना ती जखम लागली असेल यात नवल नाही. ज्या राज्यघटनेने प्रत्येकाच्या हातात मत दिलं, तिच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते.

१०. १९५७ साली काय बदललं?

जवळजवळ सगळंच. हा कामगारी पट्टा आता बऱ्याच अंशी ‘मुंबई शहर मध्य’ या नावाच्या द्विसदस्य मतदारसंघात होता. मधल्या काळात संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं मेली, द्विभाषिक मुंबई राज्य लादलं गेलं. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. त्यानंतर काही महिन्यांतच मतदान.

संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्टही होते आणि फेडरेशनही. मुंबई शहर मध्यमधून दोघे निवडून आले: सर्वसाधारण जागेवर डांगे, राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने.

पाच वर्षांपूर्वी ज्या दोन पक्षांमध्ये मतं कुजवल्याचा आरोप झाला होता, त्याच दोन पक्षांची माणसं एका जोडीने लोकसभेत गेली. गिरणगावातल्या कामगाराने एक मत डांग्यांना दिलं आणि दुसरं हत्तीला. १९५२ साली जे समाजवाद्यांच्या युतीला साधलं नाही ते समितीच्या लाटेने साधलं. ते पाहायला बाबासाहेब नव्हते. या मतदारसंघाचा इतिहास वाचताना मी दर वेळी याच जागी अडखळतो.

११. कृष्ण मेनन आणि आचार्य कृपलानींची गाजलेली लढत याच मतदारसंघातली का?

नाव तेच, भूगोल वेगळा. १९५७ पासून ‘मुंबई शहर उत्तर’ हे नाव उपनगरांच्या एकसदस्य मतदारसंघाला मिळालं. तिथून १९५७ मध्ये व्ही. के. कृष्ण मेनन यांनी प्रजासमाजवादी पक्षाच्या पीटर अल्वारिसांना हरवलं. १९६२ ची लढत तर देशभर गाजली. कृपलानींमागे अनेक विरोधी पक्ष एकवटले होते. मेनन यांच्यासाठी खुद्द नेहरूंनी प्रचार केला. मेनन २ लाख ९६ हजारांवर गेले, कृपलानी दीड लाखाच्या आसपास राहिले. त्याच वर्षीच्या चीन युद्धानंतर मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं.

१९६७ मध्ये काँग्रेसने तिकीट नाकारल्यावर ते ईशान्य मुंबईतून अपक्ष लढले आणि स. गो. बर्व्यांकडून हरले. बर्वे लगेच वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनीही मेनन यांना हरवलं.

१२. दोन्ही जागांवर राखीव प्रवर्गाचेच उमेदवार निवडून येऊ शकत होते का?

हो, आणि तसं झालं. मुंबईत नव्हे, आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात, १९५७ साली. तिथे अनुसूचित जमातीचे दोन उमेदवार मतांत वरचढ ठरले. एक राखीव जागेवर गेला, आणि प्रश्न ७ मधल्या नियमाप्रमाणे उरलेल्यांत वरचा म्हणून दुसरा, डी. सुरी दोरा, सर्वसाधारण जागेवर. हरले ते व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झाले तेच. राखीव जागेसाठी अर्ज भरलेल्या उमेदवाराला सर्वसाधारण जागा देता येणार नाही, हा त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये फेटाळला. सर्वसाधारण जागा म्हणजे सवर्णांची जागा नव्हे, हे त्या निकालाने पक्कं केलं.

१३. मग ही पद्धत बंद का झाली?

१९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द केले. प्रत्येकाचे दोन तुकडे, एक सर्वसाधारण, एक राखीव. अवाढव्य मतदारसंघ, दुहेरी खर्च, गोंधळात टाकणारं मतदान ही कारणं खरीच होती. पार्वतीपुरमसारख्या निकालाने अनेकांची झोप उडाली होती, हेही खरं.

१४. मुंबई शहर मध्यचे तुकडे झाल्यावर १९६२ मध्ये कोण निवडून आलं?

मुंबई शहर मध्य-दक्षिणमधून विठ्ठल बाळकृष्ण गांधी, मध्य-उत्तर या राखीव जागेवरून नारायण सदोबा काजरोळकर. १९५२ चीच जोडी, आता वेगवेगळ्या मतदारसंघांतून. डांगे हरले, १९६७ मध्ये ते पुन्हा आले.

१५. आज मुंबईत लोकसभेची एकही राखीव जागा नाही. ती कधी गेली?

१९६७ च्या पुनर्रचनेत. त्यानंतरच्या मुंबई मध्यमधून आंबेडकरी चळवळीतून काँग्रेसमध्ये आलेले रा. धों. भंडारे १९६७ आणि १९७१ असे दोनदा निवडून आले, सर्वसाधारण जागेवरून. ते बिहारचे राज्यपाल झाल्यावर जानेवारी १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली. दलित पँथरने बहिष्कार पुकारला, वरळीत दंगल उसळली, भागवत जाधव मारले गेले. जिंकल्या कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे, डांग्यांच्या कन्या. हरले काँग्रेसचे रामराव आदिक. १९७७ पासून मुंबईत सहा मतदारसंघ झाले आणि ‘मुंबई मध्य’ हे नावही गेलं.

१६. काजरोळकरांबद्दल इतकं वाईटसाईट का लिहिलं जातं? ते कोण होते?

काँग्रेसमधले चर्मकार समाजाचे कार्यकर्ते. दोनदा खासदार, १९७० मध्ये पद्मभूषण. ‘बाबासाहेबांना पाडणारा’ एवढीच ओळख उरल्यामुळे त्यांच्याबद्दल नाना गोष्टी फिरतात. निवडणूक लढवणं हा त्यांचा हक्क होता. राग धरायचाच तर ज्या मतदाराने मेहतांना मत दिलं आणि हत्तीपाशी हात आखडता घेतला, त्याच्याबद्दल आधी विचार करावा.

१७. पराभवानंतर बाबासाहेबांनी पुन्हा लोकसभा लढवली का?

१९५२ मध्येच ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले आणि अखेरपर्यंत तिथे होते. १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढले. तोही द्विसदस्य मतदारसंघ, जोडीदार पुन्हा अशोक मेहता. मेहता या वेळी जिंकले. बाबासाहेब राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. दुसरं मत कुजवून फक्त बाबासाहेबांना मत द्यावं, असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता आणि बाबासाहेबांनी तो साफ नाकारला, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. पडलो तरी चालेल, पण मत वाया घालवायला मी सांगणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.